भरून जाणारी बोट

तल्हाची बोट शनिवारी सकाळी परत आली. ट्रेलरवर, उन्हात, नाक वर करून. मागच्या इंजिनावर कुणीतरी ओला टॉवेल टाकला होता, तो वाळून पापडासारखा कडक झाला होता.

सप्टेंबर उतरत होता, पण कुवेतचं ऊन उतरलं नव्हतं. हवेत ओल आली होती आणि ती ओल कपड्यांच्या आत राहायला आली होती. शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत यूसुफची बोटी बांधायची शेड. बाहेर पत्र्याची सावली, आत दोन खोल्या. एकीत फायबरचे थर चढतात. दुसरीत ते ग्राइंडरनं घासतात. त्या दुसऱ्या खोलीत गणपतनं अकरा वर्षं काढली होती. काचेची धूळ कोपराच्या घडीत, मानेच्या घडीत, पापणीच्या केसात. संध्याकाळी तो थंड पाण्यानंच आंघोळ करायचा, कारण गरम पाणी पडलं की अंग उघडतं आणि खाज आत जाते. आता ती धूळ छातीत गेली होती. अब्बासियातल्या बिल्डिंगचे तीन जिने चढताना तो दोनदा थांबायचा. क्लिनिकच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, धूळ सोडा. कशी सोडायची ते डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये इंजिनांचा माणूस प्रसाद दुबईला गेला. तेव्हा गणपत यूसुफपुढं उभा राहिला. देवगडकडच्या खाडीवर बापाच्या होडीला सोळाव्या वर्षापासून इंजिन बसवत आलोय, म्हणाला. यूसुफनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं होतं. "तीन बोट देता. अच्छा हुआ तो इंजिन तेरा." पहिल्या दोन लहान होत्या, चालल्या. ही तिसरी. सव्वीस फुटी, मागं एकच मोठं इंजिन.

तल्हा गाडीतून उतरला. अहमदीला तेलाच्या कंपनीत साहेब. पांढरा पायघोळ झगा, त्यावर एक सुरकुती नाही.

"मीटर कितना गया?" गणपतनं विचारलं. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते.

तल्हानं उत्तर यूसुफला दिलं. "चार हजार छे सौ. बस. आगे नाक आसमान में, पीछे पूरा पानी में. मेरा भाई बोलता है, ये तराद, ये स्पीडबोट नहीं, बैठा हुआ ऊँट है." मग तो हसला. हसणं छोटं होतं. "नौ आदमी थे. सारे हँस रहे थे."

यूसुफ गणपतकडं वळला. "गणबत, तुम बोला चव्वालीस नॉट."

"मैं देखा था, मुअल्लिम. मैं और बाला." शेडमध्ये यूसुफला सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणायचे.

"अगले सब्त, सनीचर को, ये अपने वालिद को लेके आएगा. नहीं चला, तो दूसरा मेकॅनिक आएगा. तुम..." यूसुफनं हनुवटीनं घासायची खोली दाखवली. हात वर करायचीही त्याला गरज वाटली नाही.

बाळा ट्रेलरला टेकून उभा होता. गणपतच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, नवरा. वयानं चार वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा म्हणून गणपत त्याला भावोजीच म्हणायचा, शेडमध्येसुद्धा, सगळ्यांसमोर. बाळा रंगाचं काम करायचा. त्याच्या नखांत कायम समुद्राचा निळा असायचा.

"ह्येका झाला तरी काय, दादानु?"

"बगया."

दुपारी दोघं बोटीखाली पाठीवर पडले. गणपतनं लाकडाची सरळ पट्टी बोटीच्या कण्याला लावली आणि मागं इंजिनापर्यंत नेली. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी पाटी असते. ती कण्याच्या रेषेशी यावी लागते, किंवा किंचित वर. खाली गेली तर इंजिन पाणी ओढत बसतं. फार वर गेली तर पंखा फेस खातो आणि नुसता फिरतो. पहिल्या वेळी गणपतनं गावाकडच्या सवयीनं इंजिन खोल बसवलं होतं, तेव्हा बोट चिखलातल्या रेड्यासारखी चालली होती, म्हणून तल्हाकडं देण्याआधीच त्यानं ते दोन भोकं वर घेतलं आणि मोठा पंखा चढवला.

"एक इंच वर," गणपत म्हणाला. "पुस्तकात आसा तसाच आसा, भावोजी."

"मगे उठाक नाय कित्या?"

"ताच तर."

त्यानं पंख्याच्या तिन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला. तान्ह्या मुलाच्या जावळावरून फिरवावा तसा. कुठं खड्डा नाही, कुठं चीर नाही. बुंध्यावर एकवीस आकडा कोरलेला. पंखा एकदा पुरता फिरला की बोट एकवीस इंच पुढं जायची, असा त्याचा अर्थ. दोघं बाहेर निघाले तेव्हा त्यांच्या पाठींचे दोन ओले आकार सिमेंटवर राहिले, आणि बघता बघता गेले.

रविवार गेला, सोमवार गेला. गणपतनं तेल बघितलं, प्लग बघितले, गाळणी बघितली. इंजिन निरोगी होतं. निरोगी माणसाला काय झालंय ते सांगणं अवघड असतं.

मंगळवारी संध्याकाळी खोलीवर मुकेश बांगडे तळत होता. मुकेश चिपळूणचा, एसीचं काम करणारा, खोलीतला एकटाच जाडा. धुरानं गणपतला खोकला लागला. तेवढ्यात गावाहून बायकोचा, कमलचा, फोन आला. गणपतनं गॅलरीत जाऊन घेतला.

"खोकतास?"

"मुकेश तळता."

"तो रोज तळता काय?"

गणपत कठड्यावरून वाकला. खाली कंपनीच्या बस माणसं ओतत होत्या.

"बरा ता जावंदे," कमल म्हणाली. "तुमच्या चुलतभावाक आज तारली मेळली. अशी मेळली म्हणतंय! व्होडी काठापर्यंत बुडान इली. सकाळी रिकामी गेल्ली, कागदासारखी. येताना माणसां पाण्यात उतरान ढकलीत होती. बंदरार अख्खो गाव."

"इंजिन वडी होता?"

"वडी होता म्हंजे? तुमीच बसवलेला ना ता. भरल्या व्होडीक वडता, म्हणान तर त्येचा नाव घेतत. काय झाला? गप कित्या?"

"काय नाय. मिया मागसून फोन करतंय."

तो आत आला. बाळा कांदा कापत होता.

"भावोजी, आपल्याकडं व्होडी रिकामी जाता नि भरान येता."

"व्हय."

"हय भरान जाता."

बाळाची सुरी थांबली.

"आपण दोघां बसलंव," गणपत म्हणाला, "मुअल्लिमान मोजून वीस लिटर पेट्रोल दिल्यान. दोन सुके माणूस नि वीस लिटर. तेच्यार मी पंखो ठरवलंय. तल्हा नऊ जणांक घेवन गेलो."

"नि जेवाण," मुकेश झाऱ्यानं बांगडा उलटत म्हणाला. "मी त्यांच्या शालेत, किनाऱ्यावरच्या बंगल्यात, एसी लावायला गेलोय ना. दोन तासांसाठी समुद्रावर जातात नि नेतात बघ, लग्नाचं वऱ्हाड जेवेल इतकं."

बुधवारी गणपतनं यूसुफच्या फोनवरून तल्हाला विचारलं. बोटीवर काय काय असतं. तल्हाला प्रश्न विचित्र वाटला. मग तो सांगत गेला आणि गणपत पुठ्ठ्यावर लिहीत गेला. नऊ माणसं. बर्फाच्या दोन पेट्या. चारशे लिटर पेट्रोल. नांगर आणि साखळी. गालिचा, शेगडी, कोळसा, पातेलं. वडील.

"वालिद नौ में हैं कि अलग?"

"नौ में." मग तल्हानंच विचारलं. "तुम मेरे बाप को भी तौलेगा?"

"नहीं सर. अंदाज़ से."

तेवढंच वजन भरून बोट चालवून बघायला यूसुफकडं वाळूच्या गोणी मागितल्या तर तो ओरडला. नव्या गालिच्यावर वाळू? खुळा झालास का? पेट्रोल टाकीत आहे तेवढं वापर, बाकी तुझं तू बघ. मग गणपतनं ते बघितलं. वजन म्हणून त्याच्याकडं जे होतं ते त्याच्या खोलीत राहत होतं, आणि समोरच्या खोलीत.

बिल्डिंगखाली झैदचं किराणा दुकान. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या कांद्याच्या मोठ्या काट्यावर माणसांची रांग लागली.

"एकेक चढा, काटा तोडाल," झैद म्हणाला.

"छप्पन."

"शर्ट धरून?"

"शर्ट धरून. खिशात चाव्यापण आहेत."

"एकसष्ट. चौपन्न. ह्याला दोनदा चढवा, काटा हललाच नाही!"

मुकेश चढला तसा सगळ्यांनी गलका केला. अठ्ठ्याऐंशी. "हा आपला तल्हा," कुणीतरी म्हणालं. "ह्याला सलाम करा." मुकेशनं काट्यावर उभं राहून दोन्ही हात पसरून आशीर्वाद दिला.

गणपतनं बेरीज केली. नऊ जण, पाचशे चाळीस. तिकडचे नऊ आठशेच्या खाली नसणार. त्यानं पुठ्ठ्याकडं बघितलं आणि झैदला म्हणाला, "पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरवाले तेरा कॅन दे. उद्या परत आणतो. सील तोडणार नाही."

त्यांच्या नवांची बरोबरी करायला यांच्या नवांना तेरा कॅन लागले. कॅन जिन्याखाली रांगेत लावले.

शुक्रवार, सुट्टीचा दिवस. पहाटेच यूसुफच्या पिकअपमध्ये सगळे दाटीनं बसले. धुतलेले शर्ट घालून आले होते. एकानं अत्तर लावलं होतं. कुणी सतरा वर्षं कुवेतमध्ये होतं, कुणी नऊ. समुद्र त्यांनी बसच्या काचेतून बघितला होता. किनाऱ्यावर मासे विकत घेतले होते. पाण्यावर कुणी गेलं नव्हतं.

सिमेंटच्या उतारावरून बोट पाण्यात गेली. बर्फाच्या पेट्या नळानं भरल्या. आठ जण बसले, तल्हाचे पाहुणे बसतात तसे, मागं कापडी छताच्या सावलीत गालिच्यावर. गणपतनं प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कॅन ठेवला. उरलेले पाच पायांत. कॅन थंड होते. माणसांनी ते दोन्ही हातांनी धरले, नामकरणाला मूल धरावं तसे, अवघडून.

"हलायचं नाही," गणपत म्हणाला. "तुम्ही आज माणसं नाही."

"एरवी कधी होतो?" मागून कुणी म्हणालं आणि बोट हसण्यानं हलली.

पंखा त्यानं आदल्या दिवशी बदलला होता. एकवीसचा काढून एकोणीसचा. लहान घास, जास्त फेऱ्या. खुल्या पाण्यात आल्यावर त्यानं हळूच वेगाचा दांडा पुढं लोटला. इंजिननं आवाज खोल केला. नाक उठलं. उठलं ते उठलंच. समोर फक्त आभाळ. मागं पाणी काठाशी आलं. मुकेशनं कॅन घट्ट आवळून डोळे मिटले.

"किती?" बाळानं ओरडून विचारलं.

"चार हजार नऊशे."

"वाढला!"

"पुरा नाय." पाच हजाराच्या वर गेल्याशिवाय ते इंजिन मोकळा श्वास घेत नव्हतं. गणपतनं बटण दाबून त्याचा पाण्यातला पाय आत घेतला, तसं नाक थोडं नमलं, बाहेर घेतला तर उंटासारखी मान हलवू लागलं. त्यानं दांडा ओढला. बोट बसली. स्वतःच्याच लाटेनं मागून तिला ढकललं.

गणपत मागं वळला. आठ माणसं आणि दोन पेट्या, सगळी इंजिनाच्या पुढ्यात गोळा होऊन बसलेली, जिथं सावली होती तिथं. गावी जाळं मागं असतं, मासळी मधे असते, आणि बापूस पुढं उभा असतो. पुढं कुणीतरी असतंच.

"भावोजी, पेटये पुढं घेवया. तुमी चौघां पुढं जावन बसा. मुकेश, तू पण."

"मी मेलोय."

"मेलंस तर मेल्लो पुढं बस. वजन तुजा चलात."

पेट्या सरकल्या, माणसं सरकली, उन्हात जाऊन बसली. गणपतनं पुन्हा दांडा लोटला. नाक उठलं, क्षणभर विचारात पडलं, आणि खाली आलं. बोट पाण्यावर चढली. खालचा आवाज बदलला. घरघर होती ती सरसर झाली, जात्यात गहू संपून पीठ पडू लागावं तशी. पाच हजार. पाच हजार दोनशे. तीनशे. छत्तीस नॉट. दोन्ही बाजूंनी पाणी फाटून पांढरं उडत होतं आणि माणसांच्या तोंडावर बारीक मीठ बसत होतं.

कुणीतरी घरी फोन लावून ओरडत होतं, "बघ, बघ! अगो बोटीत! नाय, माझी नाय!" डाव्या हाताला मिरकाबच्या काचेच्या इमारती उजळल्या. जिथं यांनी एसी बसवले होते, फरश्या घासल्या होत्या, त्या इमारती इथून काड्यापेटीएवढ्या. सगळे तिकडं बघत होते. मुकेश बाजूला वाकून ओकत होता आणि मधेच मान वर करून बघत होता. गणपतनं बघितलं नाही. तो मीटरच्या काट्याकडं बघत होता.

उतारावर परत आल्यावर त्यानं पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहिल्या. एकोणीस. पेट्या पुढं. पाच माणसं पुढं.

"पयल्या दोन झाल्या," बाळा म्हणाला. "तिसरी त्यांका कोण सांगतलो?"

गणपतनं पुठ्ठा दुमडला.

शनिवारी तल्हा आला तो तीन गाड्यांतून. भाऊ, चुलतभाऊ, आणि वडील. वडील उंच, रुंद, हातात काठी. गणपतनं बर्फाच्या पेट्या आधीच पुढं बांधून ठेवल्या होत्या. वडिलांना दोघांनी हात देऊन चढवलं आणि मागं, छताखाली, गालिच्याच्या मधोमध बसवलं. मग ज्याचा जसा मान तसा तो त्यांच्या उजवी-डावीकडं बसला. दिवाणखान्यात बसतात तसे. पुढं उन्हात कुणी गेलं नाही. यूसुफ तल्हाशेजारी उभा राहिला, गणपत त्यांच्या मागं.

तल्हानं दांडा लोटला. नाक वर गेलं.

"चार हजार नौ सौ," तल्हा म्हणाला.

मागून कुणीतरी उंटाच्या आवाजात कण्हलं. हशा पिकला. तल्हाचे कान लाल झाले. यूसुफनं गणपतकडं बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, गप्प राहा.

गणपत गप्प राहिला असता तर बोट तशीच बसून राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी तो घासायच्या खोलीत परत गेला असता. तो काही फार विचार करून उठला नाही. छातीत जेवढी हवा होती तेवढी घेऊन तो मागं गेला आणि म्हाताऱ्यापुढं वाकला.

"बाबा, लौ समहत, मेहरबानी. आप जिद्दाम आइए. आगे."

हसणं थांबलं. एक चुलतभाऊ अर्धा उठला. "किसको बोलता तू?"

"मशीन ठीक है," गणपत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला. "सब वजन पीछे है. बाबा आगे आएगा तो सब आएगा. बाकी कोई बोलेगा तो कोई नहीं उठेगा."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. पुढं केलेल्या हाताकडं बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या खाजेचे काळे चट्टे होते.

"मेरा कितना किलो लिखा?" त्यानं विचारलं. हिंदी त्याची तल्हापेक्षा चांगली होती.

"नब्बे, बाबा."

"एक सौ सात," म्हातारा म्हणाला, आणि हात धरला.

त्याचं वजन गणपतच्या खांद्यावर आलं. गुडघे वाकले, पण राहिले. एकेक पाऊल टाकत दोघं पुढं गेले. म्हातारा पेटीवर बसला, ऊन तोंडावर घेऊन, काठी मांडीवर आडवी. मग भाऊ उठला. मग तो अर्धा उठलेला पुरा उठला. गालिचा मागं रिकामा पडला.

तल्हानं दांडा लोटला. नाक खाली आलं. पाच हजार, दोनशे, तीनशे. वाऱ्यात बोललेलं ऐकू जात नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा रुमाल मागं ताणला गेला.

परतल्यावर गणपतनं तल्हाला एवढंच सांगितलं, "लौटते टाइम बर्फ गया, पेट्रोल गया, हलका होता है. तब पूरा मत खोलना. काँटा छे हज़ार के ऊपर नहीं." तल्हानं मान डोलावली. आभार त्यानं यूसुफचे मानले.

रविवारी सकाळी यूसुफनं इंजिनांच्या कपाटाची किल्ली गणपतच्या हातावर ठेवली. "तेरा." आणि यूसुफ लगेच वळला.

"बाला!"

बाळा रंगाचा डबा ढवळत होता.

"दो बोट अंदर है. सीझन है." यूसुफनं हनुवटीनं घासायची खोली दाखवली.

"मुअल्लिम," गणपत म्हणाला, "ये रंगवाला है. ये मेरा बहन का..."

"रंग बंगाली करेगा. घिसेगा कौन? तुम?"

यूसुफ खरोखर विचारत होता. उत्तरासाठी थांबलाही. शेडमध्ये पंखा फिरत होता. गणपतच्या हातात किल्ली होती. त्यानं ती मुठीत मिटली.

"मरांदे, दादानु," बाळा म्हणाला. ढवळायची काठी त्यानं डब्याच्या काठावर पुसली, नीट, दोन्ही बाजूंनी. "तुमी अकरा वर्सां केलात. सुनंदाक सांगू नकात म्हणजे झाला."

गणपतनं चिकटपट्टीचं रीळ आणलं. बाळाच्या बाह्या मनगटाशी ओढून पट्टी गुंडाळली, दोन वेढे, तीन वेढे. मग गळ्याशी. कामाचं असेल तेवढं सांगितलं. ग्राइंडर अंगाकडं धरू नका. तोंड उघडू नका. बाळा ऐकत होता आणि मान हलवत नव्हता, कारण पट्टी ओढली जात होती.

दार लागलं. आत ग्राइंडर सुरू झाला.

गणपत बाहेर सावलीत नवं इंजिन उघडून बसला. त्याचे बोल्ट त्यानं एकेक पुसून कापडावर मांडले. हवा स्वच्छ होती. श्वास पुरा जात होता.

दहा वाजता चहा आला. दार उघडलं आणि एक पांढरा माणूस बाहेर आला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नखातला निळा गेलेला. तो उन्हात डोळे मिचकावत उभा राहिला. बाकीचे कामगार बसल्या जागी कप घेत होते. गणपत उठून उभा राहिला, गावी बहीण-भावोजी अंगणात आले की उठतो तसा. स्वतःचा बसायचा खोका त्यानं पायानं पुढं सरकवला.

"बसा, भावोजी," तो म्हणाला.